धुक्यात हरवलेल्या प्रकाशाचा माग

जानेवारीतली पहाट, फरीदाबादचा मथुरा रोड. डोक्यावरून मेट्रोचा पूल गेलेला आहे आणि त्याचे खांब मोजत गाड्या पुढे सरकत आहेत. पहिला खांब स्पष्ट, दुसरा पुसट, तिसरा नाहीच. चालकाला वाटते, दिव्यांचा उजेड कमी पडतोय. तो अप्पर मारतो. त्याच क्षणी समोर दुधाळ पांढरी भिंत उभी राहते आणि दुसरा खांबही दिसेनासा होतो. तो घाईने डिपरवर येतो, तर खांब परत जागेवर!

पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा माळशेजच्या घाटातून गाडी चालवलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. उजेड वाढवला की कमी दिसते, कमी केला की जास्त. घरातल्या खोलीत असे कधी होत नाही. मग धुक्यात शिरल्यावर प्रकाशाचे नेमके होते तरी काय?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधताना माणसाला प्रकाशाच्या एकेका कणाच्या मागे धावावे लागले. अर्थात पायांनी नाही, आकड्यांनी. संगणकात खोटे धुके तयार करायचे, त्यात खोटा दिवा लावायचा, प्रकाश कुठे कुठे जातो याची नोंद ठेवायची आणि ती नोंद खऱ्या धुक्याशी ताडून पाहायची, हे आज एक मोठे शास्त्र झाले आहे. त्याची मुळे ताऱ्यांच्या अभ्यासात आहेत, पत्त्यांच्या डावात आहेत, आणि त्याचा एक धागा थेट पुण्याच्या पाषाणपर्यंत पोचतो.

दोन थेंब पाण्याची भिंत

गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. बरोबर तेवढी जागा म्हणजे एक घनमीटर. तेवढ्या जागेत दाट धुके भरले आणि त्यातले सगळे पाणी पिळून काढले, तर हाती किती येईल? साधारण ०.१ ग्रॅम. डोळ्यांत औषध घालायच्या बाटलीचे दोन थेंब.

दोन थेंब पाणी रस्ता कसा लपवेल? कारण ते दोन राहिलेले नसतात. थेंबाची त्रिज्या ५ मायक्रोमीटर धरली (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर त्या टाकीएवढ्या जागेत सुमारे १९ कोटी थेंब तरंगत असतात. अशा धुक्यात साधारण १३० मीटरपर्यंत दिसते.

आता त्यातला प्रत्येक थेंब आठ सारख्या थेंबांत फोडू. पाणी तेवढेच, त्रिज्या निम्मी. एकेका थेंबाची आडवी जागा पावपट झाली, पण संख्या आठपट झाली. म्हणजे प्रकाशाच्या वाटेत येणारी एकूण जागा दुप्पट. दिसण्याचे अंतर ६५ मीटरवर आले. खोबऱ्याची वाटी ताटाचा एक कोपरा झाकते. तीच किसून पसरली की सगळे ताट पांढरे होते. तसाच हा प्रकार आहे.

फरीदाबाद, दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यातल्या धुक्याचे दुखणे इथेच आहे. हवेतली वाफ नुसती गार होऊन सहजी थेंब बनत नाही. तिला चिकटायला कण लागतो: धूर, धूळ, मीठ, काहीही. कण जितके जास्त तितके थेंब जास्त आणि लहान. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेले एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या हिवाळी हवेतले क्लोराईडयुक्त कण पाणी ओढून फुगतात आणि दृश्यमानता घटवतात, असे त्यात दाखवले आहे. त्या क्लोरीनचा संबंध प्लास्टिकमिश्रित कचरा जाळण्याशी आणि कारखान्यांशी लावला गेला. यमुनाकाठचे धुके पूर्वीही पडत असे. त्याला आजचे रूप मात्र माणसाने दिले आहे.

प्रकाश अडत नाही, वळतो

धुक्यात प्रकाश ‘अडतो’ असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही. पाण्याचा थेंब डोळ्याला दिसणारा प्रकाश जवळजवळ गिळतच नाही, त्याची फक्त दिशा बदलतो. या दिशा बदलण्याला विकिरण म्हणतात. धुक्यात दिवा लावला की प्रकाश नाहीसा होत नाही, त्याची वाट चुकते.

थेंबावर आदळलेला प्रकाश किती आणि कोणत्या दिशेला वळेल, याचे गणित गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले. त्यांना धुक्याशी कर्तव्य नव्हते. पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांना वेगवेगळे रंग का दिसतात, हे त्यांना हवे होते. पण गोल कणासाठीचे त्यांचे उत्तर पाण्याच्या थेंबालाही तसेच लागू पडते.

हे गणित सांगते की धुक्याचा थेंब प्रकाशाला फारसा मागे फेकत नाही. बहुतेक प्रकाश थोडासाच कलून पुढेच जातो. ढोबळमानाने ३० अंशांच्या आसपास. एका टकरीने त्याची दिशा हरवत नाही. सहा-सात टकरा झाल्या की मात्र तो कुठून निघाला होता याचा मागमूस उरत नाही.

रंगाचेही इथेच कळते. पिवळा दिवा धुके भेदतो, असा पक्का समज आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट लागत. पण धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि इतक्या मोठ्या थेंबाला निळा काय नि पिवळा काय, सगळे सारखेच. हवेचे रेणू तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. ते निळ्याला जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळे दिसते. धुराचे बारीक कण या दोहोंच्या मधले. म्हणूनच निव्वळ धुक्यातला सूर्य पांढरा, चंद्रासारखा दिसतो आणि नोव्हेंबरच्या धुरक्यातला तांबडा. फरीदाबादकरांना एकाच हिवाळ्यात हे दोन्ही सूर्य पाहायला मिळतात.

जमाखर्चाची वही

एका थेंबाचे समजले. पण १९ कोटी थेंब, आणि तेही एकाच घनमीटरमध्ये?

हा प्रश्न आधी ताऱ्यांच्या अभ्यासकांना पडला होता, कारण ताऱ्याच्या वातावरणातून बाहेर येणारा प्रकाशही असाच ठेचकाळत येतो. लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५० मध्ये ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ हा ग्रंथ लिहिला आणि या गणिताला शिस्त लावली. त्यातली मूळ कल्पना वाण्याच्या वहीसारखी आहे. प्रकाशाची एक शलाका घ्या. एक पाऊल पुढे गेल्यावर तिच्यातून किती प्रकाश वळून गेला, हा खर्च. दुसऱ्या दिशांनी चाललेला किती प्रकाश वळून तिच्यात आला, ही जमा. प्रत्येक जागी आणि प्रत्येक दिशेला असा हिशेब लावायचा.

अडचण अशी की प्रत्येक दिशेची जमा दुसऱ्या दिशांच्या खर्चावर अवलंबून. सगळ्या वह्या एकमेकींत अडकलेल्या. सपाट, एकसारख्या थरांसाठी चंद्रशेखरांनी सुंदर उत्तरे काढली. पण रस्ता, पुलाचे खांब, ट्रकचे दिवे आणि मधूनच विरळ होणारे धुके, असे सगळे एकत्र आले की कागदावरचे गणित थकते. तिथे फासे कामाला येतात.

पत्त्यांच्या डावातून आलेली युक्ती

१९४६ मध्ये पोलिश गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आजारातून उठत होते. वेळ घालवायला एकट्याने पत्ते खेळताना त्यांना प्रश्न पडला, हा डाव सुटण्याची शक्यता किती? गणिताने काढायला गेले तर पार गुंता. मग वाटले, शंभर डाव सरळ खेळून पाहावेत आणि किती सुटले ते मोजावे! ही कल्पना त्यांनी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. त्या काळी दोघांपुढचा प्रश्न अणूच्या इंधनातून न्यूट्रॉन कसे भटकतात हा होता. युक्तीला जुगाराच्या अड्ड्याचे, मोंटे कार्लोचे नाव मिळाले आणि १९४९ मध्ये ती निबंधरूपाने प्रसिद्ध झाली.

न्यूट्रॉनच्या जागी प्रकाशाचा कण ठेवला आणि इंधनाच्या जागी धुके, की तेच गणित मथुरा रोडवर चालते.

एक कण हातात घेऊन पाहू. ५० मीटरपर्यंतच दिसते असे धुके धरू. अशा धुक्यात प्रकाशाचा कण दोन टकरींच्या मध्ये सरासरी १३ मीटर जातो. पण ही सरासरी झाली; प्रत्यक्षात कधी चार मीटर, कधी चाळीस. म्हणून संगणक शून्य ते एकमधला एक आकडा चिठ्ठी काढावी तसा काढतो. आकडा ०.३० आला, तर हिशेबाने कण १५ मीटर जाऊन आदळतो. ०.७२ आला तर चार मीटरवरच. ०.०५ आला तर चांगला ३८ मीटर पुढे.

टक्कर झाली की दुसरी चिठ्ठी: कण वाचला की गिळला गेला? स्वच्छ पाण्याचा थेंब असेल तर जवळजवळ नेहमी वाचतो. काजळी मिसळलेली असेल तर काही वेळा त्याची कहाणी तिथेच संपते. वाचला तर तिसरी चिठ्ठी: आता वळायचे कोणीकडे? त्यासाठी बहुतेक वेळा हेन्ये आणि ग्रीनस्टाइन या खगोलशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये दिलेले सोपे सूत्र वापरतात. त्यांनी ते ताऱ्यांमधल्या धुळीसाठी बनवले होते. आज ते धुक्याला, दुधाला आणि माणसाच्या कातडीलाही लावले जाते.

पुन्हा पहिली चिठ्ठी. पुन्हा टक्कर. कण चालकाच्या डोळ्यात पोचला, जमिनीत जिरला किंवा धुक्याबाहेर निसटला, की त्याची नोंद करायची आणि दिव्यातून पुढचा कण सोडायचा. असे लाखो, कोट्यवधी.

एका कणाच्या भटकंतीला काहीच अर्थ नसतो. कोट्यवधी भटकंत्यांच्या बेरजेतून मात्र धुक्याचे चित्र उमटते. सुरुवातीला ते रांगोळी नुसती भुरभुरल्यासारखे ठिपकेदार दिसते, हळूहळू भरत जाते. पद्धत सोपी आहे, पण तिची किंमत मोजावी लागते: चित्रातली चूक निम्मी करायची तर कण चौपट सोडावे लागतात, दहाव्या भागावर आणायची तर शंभरपट. ॲनिमेशनपटांतली धुरकट, मऊ उजेडाची दृश्ये अशाच पद्धतीने बनतात. एकेका चौकटीला संगणकांचे तासन् तास का लागतात, याचे एक कारण हे आहे.

चौकट: किती दाट म्हणजे दाट?
भारतीय हवामान विभाग ५० मीटरच्या आतली दृश्यमानता असलेल्या धुक्याला अति दाट म्हणतो, ५० ते २०० मीटरला दाट, २०० ते ५०० मीटरला मध्यम आणि ५०० ते १००० मीटरला विरळ. कण टक्कर न होता सरासरी किती जातो, हे काढायला दृश्यमानतेला जवळजवळ चाराने भागायचे. ५० मीटरला १३ मीटर, २०० मीटरला ५१ मीटर, १००० मीटरला २५६ मीटर. हे नाते जर्मन हवामानतज्ज्ञ हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये दिले. पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम दोन टक्के वेगळी दिसणारी वस्तू डोळा ओळखू शकतो, हे त्यात गृहीत आहे.

अप्परने भिंत का उभी राहते?

आता पहिल्या कोड्याकडे. ५० मीटर दृश्यमानतेच्या धुक्यात ५० मीटरवर उभ्या ट्रककडे दिव्यातून प्रकाश निघाला, तर एकदाही न वळता फक्त दोन टक्के तिथे पोचतो. ट्रकवर आपटून सरळ परत यायला पुन्हा तेवढेच अंतर. म्हणजे जाऊन येऊन १०,००० कणांत चार. त्यातही ट्रकचा मळका रंग बराच प्रकाश गिळतो.

उरलेले कण कुठे गेले? बहुतेक पुढेच पसरले. काही थोडे मात्र मागे वळले. टक्केवारीत ते कमीच, पण ते वळले कुठे? गाडीच्या नाकासमोर, पहिल्या काही मीटरांत, जिथे दिव्याचा झोत सगळ्यात तीव्र असतो. संगणकातल्या खोट्या डोळ्यात परतलेल्या कणांची वहीच उघडून पाहिली, तर लांबून ट्रकची खबर आणणारे मोजके आणि जवळूनच माघारी फिरलेले प्रचंड असतात. ही पांढरी भिंत आपल्याच दिव्याची असते.

अप्परचा झोत वर, नजरेच्या रेषेतच जातो. म्हणजे चालक ज्या वाटेने पाहतोय तीच वाट तो स्वतः उजळून टाकतो. डिपरचा झोत खाली रस्त्याकडे कापलेला असतो, त्यामुळे नजरेची वाट बरीचशी अंधारी राहते आणि त्या अंधारातून ट्रकची क्षीण खबर डोळ्यापर्यंत येते. फॉग लॅम्प बंपरजवळ अगदी खाली आणि रुंद झोताचे का असतात, त्याचेही कारण हेच. पिवळ्या काचेपेक्षा त्यांची जागा जास्त महत्त्वाची.

फासे जिथे चालत नाहीत

फाशांच्या खेळात प्रकाशाला छोट्या गोळीसारखे वागवले. मोठ्या अंतरासाठी ते चालते. पण प्रकाश ही लाट आहे, आणि थेंबाच्या आकाराच्या जगात हे विसरून भागत नाही. गोल थेंबासाठी गुस्टाव्ह मी यांचे सूत्र तयार आहे. काजळीचा कण मात्र गोल नसतो. मण्यांच्या गुंतलेल्या माळेसारखा असतो. तिथे सूत्र नाही.

अशा वेळी केन यी यांची १९६६ मधली युक्ती कामी येते. जागेची बारीक चौकोनी घरे पाडायची, चौकटींच्या वहीसारखी, पण तिन्ही दिशांना. प्रत्येक घरात विद्युत क्षेत्राचा आणि चुंबकीय क्षेत्राचा आकडा लिहायचा. मग घड्याळ इवलेसे पुढे सरकवायचे: शेजारच्या घरांतले चुंबकीय आकडे पाहून विद्युत आकडे बदलायचे, मग ते नवे आकडे पाहून चुंबकीय. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी आळीपाळीने खुंटा ओढावा तसे हे चालते, आणि त्या लयीतून संगणकात लाट पुढे सरकते. प्रकाशाने कुठे जावे हे कुणी सांगितलेले नसते. प्रत्येक घर फक्त शेजाऱ्याचे ऐकते.

नियम दोन. घर तरंगलांबीच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढे लहान हवे. आणि घड्याळाचे पाऊल इतके छोटे हवे की तेवढ्या वेळात प्रकाश एका घराहून पुढे उडी मारणार नाही. नाहीतर आकडे फुगत फुगत सगळा हिशेब उधळतो. शिवाय संगणकातल्या पेटीच्या भिंतीवर आपटून लाट परत येते, ती वेगळी डोकेदुखी. जाँ-पियेर बेरांजे यांनी १९९४ मध्ये लाट मुकाट गिळणारी भिंत गणितात बांधून दाखवली, तेव्हा ही पद्धत खऱ्या अर्थाने वापरात रुळली.

खर्च पाहा. २५ नॅनोमीटरचे घर धरले, तर एका घनमिलिमीटरसाठी ६४ लाख कोटी घरे लागतात. मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेची ही कथा, तर मथुरा रोडचे काय? म्हणून काम वाटून घेतात. जाळी एका कणाजवळ लावायची आणि तो प्रकाश कसा वळवतो ते काढायचे. ते उत्तर फाशांच्या हाती द्यायचे आणि फाशांनी रस्ता चालायचा. सगळ्या प्रश्नांना एकच हत्यार पुरत नाही, हे या क्षेत्रात काम करणारे फार लवकर शिकतात.

पाषाणहून दिल्लीला

आकडे कितीही नेटके असले तरी थेंब किती आणि केवढे, हे कुणीतरी धुक्यात उभे राहून मोजायला हवे. ते काम पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हाती घेतले. २०१५ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर ‘विंटर फॉग एक्सपेरिमेंट’ म्हणजे ‘वायफेक्स’ सुरू झाले. थेंबांचे आकार, हवेतले कण, आर्द्रता, वारा, जमिनीतून निघणारी उष्णता, वरून येणारा प्रकाश, सगळे रात्रभर मोजायचे. ज्या रात्री शहाणी माणसे रजई सोडत नाहीत, त्याच रात्री या लोकांचे काम असते. धुके पडले नाही तर उपकरणे आणि माणसे दोन्ही वाट पाहत बसतात. अशी नोंद वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवणे, ही साधी गोष्ट नाही.

विमानतळावर धावपट्टीशेजारी दृश्यमानता मोजणारी यंत्रेही असतात. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने बनवलेले ‘दृष्टी’ हे त्यांपैकी एक. तत्त्व वर आले तेच: ठरावीक अंतरावरून प्रकाश सोडायचा आणि किती पोचला ते मोजायचे. विमान उतरवण्याची सर्वांत प्रगत यंत्रणा, योग्य विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असेल तर धावपट्टीवर ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरू शकते.

वायफेक्समधून ३ किलोमीटरच्या चौकोनांवर चालणारा धुक्याचा अंदाज उभा राहिला. त्यातही प्रकाशाचे गणित आहेच. रात्री जमीन अदृश्य, उष्ण किरणांवाटे ऊब गमावते, म्हणून धुके धरते. सकाळी उन्हाचा जो भाग वळत-वळत जमिनीपर्यंत पोचतो, तो ती तापवतो आणि धुके उठते. आठ वाजता उठेल की अकराला, हे ठरते धुक्यातून झिरपलेल्या प्रकाशावर. मात्र अख्ख्या उत्तर भारतासाठी कोट्यवधी कण सोडत बसायला वेळ नसतो. अंदाज उद्याच्या आधी यायला हवा. म्हणून हवामानाच्या अशा गणितांत प्रकाशाला दोनच वाटा ठेवतात, वर आणि खाली. सगळी वळणे या दोन ढिगांत वाटायची. ही तडजोडच, पण फाशांच्या सावकाश हिशेबाशी ताडून घेतलेली.

फरीदाबादहून गुरुग्रामकडे जाताना ग्वाल पहाडीला राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था लागते. सौर पॅनेल बसवणाऱ्यांनाही हाच प्रश्न छळतो: धुरक्यातून पॅनेलवर किती ऊन पोचेल? २०१६-१७ च्या मोजमापांवरून आंतरराष्ट्रीय अभ्यासकांनी काढलेला दिल्लीचा आकडा असा की धुरक्यामुळे वर्षभरात पॅनेलवर पोचणारे ऊन अकरा-बारा टक्क्यांनी घटते. छपरावर पॅनेल बसवून बिल वाचवू पाहणाऱ्या घराच्या दृष्टीने ही किरकोळ रक्कम नाही.

मथुरा रोडवर परत

इथून जाणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या पाठीवर रंगीत अक्षरांत ‘यूज डिपर ॲट नाइट’ असे रंगवलेले असते. धुक्यात तर ते रात्रीच नव्हे, दिवसाही पाळायला हवे.

आणि एक आकडा अजून. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यातच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. थांबायला आणखी सुमारे २३ मीटर. दवाने ओला झालेला रस्ता असेल तर त्याहून जास्त. म्हणजे तिसरा खांब दिसत नाही अशा पहाटे, ५० मीटरच्या दृश्यमानतेत, ६० चा वेग म्हणजे दिसणारा सगळा रस्ता संपवणे. ४० ला हेच अंतर २७ मीटरवर येते. धुके लागले की डिपर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा, आणि काटा ४० च्या खाली आणा.